अमेरिकेच्या सीमेवरच्या लारेडोहून मेक्सिकोत घरसामान, स्वतःच्या ट्रेलरमधून

प्रश्न: टेम्पररी रेसिडेंट व्हिसा मिळालाय. सामान वापरलेलंच आहे. कागद कोणते लागतील?

उत्तर १: आधी मेक्सिकन वकिलातीतून ‘मेनाहे दे कासा’चा (वापरलेलं घरसामान करमुक्त आणण्याचा) दाखला. यादी स्पॅनिशमध्ये; फ्रिज, टीव्हीपुढे ब्रँड, मॉडेल, सीरियल नंबर. सामान किमान ६ महिने वापरलेलं हवं. खोक्यातला कोरा ओव्हन त्यात बसत नाही, कर भरावा लागतो.

उत्तर २: ट्रेलर गाडीच्याच तात्पुरत्या आयात परवान्यावर चढवून घ्या, बानहेर्सितोच्या (सीमेवर हे परवाने देणारी मेक्सिकन बँक) खिडकीवर. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर ट्रेलरवर ठोकलेल्या पट्टीशी घरीच ताडून बघा. एक आकडा चुकला तरी काम अडतं. परमनंट रेसिडेंट झालात की हा परवाना चालत नाही, हे आत्ताच ध्यानात घ्या.

उत्तर १: आणि कपाटाचे खण झाडा. विसरलेलं एक काडतूसही थेट फौजदारी प्रकरण होतं.