'घातांक लहान करा' : नेमकं काय लहान करायचं?

तापीकाठ : नववीच्या सरावसंचाची प्रुफं तपासताना समासात लिहिलं, 'घातांक लहान करा'. डीटीपीवाल्या पोराचा भुसावळहून फोन : "सर, किती लहान? पाचाचा चार करू?" चूक माझीच. मला मूल्य नाही, टाइप बारीक हवा होता, १० पॉइंटच्या मजकुरात ७ चा. 'घातांकाचा आकार' म्हणावं तर गोल की चौकोनी असं वाटतं. सुपरस्क्रिप्टला, म्हणजे डोक्यावर चढवलेल्या बारीक अक्षराला, मराठीत काय म्हणता?

शुद्धमती : शिरोंक. खालचा तो पादांक.

तापीकाठ : आणि मॅट्रिक्सच्या डोक्यावर बसतो तो ट्रान्सपोजचा (ओळींचे स्तंभ केल्याचा) टी? तो अंक कुठाय?

शुद्धमती : मग शिरोलेख.

जुना जुळारी : शिरोलेख म्हटलं की निम्मे लोक शिरोरेखा ऐकतील. आम्ही छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो तेव्हा 'सुपिरिअर' म्हणायचो. कुणाचं काही अडलं नाही.

चाळीसगावकर : आमच्या पाटणला चांगदेवाचा शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातवानं मठ काढला, त्याचा. भास्कराचार्यांच्या बीजगणितात घात डोक्यावर चढतच नाही. यावत्तावत् म्हणजे आपला अज्ञात 'क्ष'; त्याचा वर्ग 'याव', घन 'याघ', चौथा घात 'यावव'. सगळं एका ओळीत, एका मापात. मिटली भानगड.

वावरवाला : मिटली कशी? विसावा घात लिहून दाखव भो. बाकी आमच्याकडे शब्द आहेच. 'धाकला' करा म्हणायचं.

शुद्धमती : धाकला भाऊ सहा फूट वाढला तरी धाकलाच. ते वयावरून, मापावरून नाही.

वावरवाला : मग तर चपखलच! डोनाल्ड कनूथच्या टेकमध्ये, म्हणजे गणित जुळवायच्या त्याच्या संगणक प्रणालीत, माप पायरीवरूनच ठरतं. मजकूर १० चा, तर घातांक ७, घातांकाचा घातांक ५. त्यापुढे कितीही चढवा, पाचच. नातवाचं माप पणतूलाही.

तापीकाठ : मॅथटाइप या समीकरणं लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मजकुराच्या टक्क्यांत असतं. घातांक ५८, घातांकाचा घातांक ४२. पण माझा प्रश्न शब्दाचा होता हो.

जुना जुळारी : माप नुसतं आकड्यात नसतं. कनूथनं पाच पॉइंटची अक्षरं वेगळी आखली. अंगानं रुंद, रेघ त्या मानानं जाड. दहाचंच अक्षर आवळून पाचाचं केलं की रेघ मरते. आपल्या देवनागरीत सर्रास तेच करतात, म्हणून डोक्यावरचा १ की ९ ते भिंग लावून बघावं लागतं. 'क्ष' चढवला तर नुसता डाग.

चाळीसगावकर : म्हणूनच म्हणतो, 'यावव'.

शुद्धमती : जुळारी की जुळणीकार? मराठी शब्द कोणता, तेवढं सांगा.

जुना जुळारी : पगाराच्या पावतीवर 'कंपोझिटर' होतं.