ग्राफीन सेन्सर : प्रयोगशाळेतली चिप कंपनीच्या लाइनवर नेताना

पातळथर :
२५ मायक्रॉनच्या तांब्याच्या फॉइलवर सीव्हीडीने (तापलेल्या वायूंतून थर जमवण्याची पद्धत) ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, वाढवतो, वर आधारासाठी पीएमएमए या प्लास्टिकचा लेप लावतो, फेरिक क्लोराइडमध्ये तांबं विरघळवतो आणि थर ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा थर असलेल्या सिलिकॉन चिपवर उतरवतो. नायट्रोजन डायऑक्साइडला चिप चांगला प्रतिसाद देते. एका सेन्सर कंपनीला हेच २०० मिलिमीटर वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) हवंय, पण त्यांच्या क्लीनरूमने (धूळमुक्त उत्पादन कक्षाने) धातूचं प्रदूषण म्हणत नमुने दारातूनच परत पाठवले. शिवाय त्याच चिपची मोबिलिटी (विद्युतभार किती सहज वाहतो ते माप) त्यांच्याकडे आमच्या निम्मीच भरते. करार करण्याआधी काय ठरवून घ्यावं?

लाइनमन :
क्लीनरूमवाल्यांचं बरोबर आहे. तांबं आणि लोह सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतात, विद्युतप्रवाहाची गळती वाढवतात; एक वेफर बाधला की भट्टीतून पुढच्या सगळ्यांना लागण. त्यांची मर्यादा साधारण दर चौरस सेंमीला १०^१० अणूंच्या घरात असते.

फेरिक क्लोराइड आधी सोडा, लोह तुम्हीच घालताय. अमोनियम परसल्फेट वापरा. पण त्यानेही तांब्याचा अंश उरतो, म्हणून फिल्म तरंगत असतानाच पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल २०:१:१ अशा पातळ द्रावणात १५ मिनिटं ठेवा आणि मग भरपूर डीआय (आयनमुक्त) पाणी. द्रावण दाट केलं तर बुडबुडे फिल्म फाडतात. फॉइलच्या मागच्या बाजूचं ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने काढलंय ना? नाहीतर त्याचे तुकडे खालून चिकटतात.

एवढं करूनही मुख्य लाइनमध्ये शिरायचा हट्ट नको. इलेक्ट्रोड आणि पॅसिव्हेशनपर्यंत (वरच्या संरक्षक थरापर्यंत) वेफर कंपनीने करावा, ग्राफीन शेवटी वेगळ्या खोलीत चढवावं, आणि तो वेफर परत आत जाऊ नये. हा हस्तांतराचा टप्पा आणि टीएक्सआरएफ चाचणी (पृष्ठभागावरच्या धातूचा अंश क्ष-किरणांनी मोजणारी) कोण, कुठल्या वेफरवर करणार, हे करारात लिहा. चिपवरचं यश २०० मिलिमीटरवर तसंच उतरेल, असं मात्र कुणालाही लिहून देऊ नका.

मापनवेडी :
मोबिलिटीच्या वादात बहुतेकदा दोघंही खरे असतात! एकाने निर्वातात तापवून मोजलेलं असतं, दुसऱ्याने उघड्या हवेत. पाणी आणि ऑक्सिजन चिकटले की ग्राफीन पी-प्रकाराकडे (धन भारवाहकांकडे) सरकतं, हिस्टेरिसिस येतो, म्हणजे जाताना आणि परतताना आकडे जुळत नाहीत, आणि गेट व्होल्टेज (प्रवाह नियंत्रित करणारा दाब) कुठल्या दिशेने, किती वेगाने फिरवलं यावर आकडा बदलतो. दोन टोकांनी मोजलं तर संपर्क-रोधही त्यात मिसळतो. टीएलएम रचना (संपर्क-रोध वेगळा मोजण्यासाठी वेगवेगळ्या अंतरांवरचे इलेक्ट्रोड) मास्कवरच, म्हणजे चिपच्या आराखड्यातच, टाका.

एक पान बनवा : तापमान, आर्द्रता, स्वीपचा (गेट व्होल्टेज फिरवण्याचा) वेग, आधीचं तापवणं, चार टोकं की दोन. रामनमध्ये (लेझर प्रकाशाने थराची प्रत तपासणारी चाचणी) दोष दाखवणारं डी शिखर १३५०, जी १५८०, टूडी २७०० प्रति सेंमीच्या आसपास. नकाशा किती बिंदूंचा, तेही लिहा. आणि सगळ्यात चांगल्या चिपचा आकडा कंपनीला देऊ नका. मध्यक आणि चालू चिपांचं प्रमाण द्या.

सेन्सरची खरी अडचण वेगळीच आहे. खोलीच्या तापमानाला वायू सुटायला फार वेळ घेतो, म्हणून बेसलाइन (वायू नसतानाचं मूळ वाचन) सरकत राहते. १०० ते १५० अंशांचा हीटर किंवा यूव्ही लागेल. ३०, ५०, ७० टक्के आर्द्रतेची चाचणी पहिल्या महिन्यातच करा, शेवटी नव्हे.

पातळथर :
आणि पेपर? विद्यार्थ्याचा प्रबंध त्यावर अडून आहे.

लाइनमन :
मसुदा कंपनीला आधी दाखवायचा, ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ३० किंवा ६० दिवसांत, हरकत आली नाही तर छापायचा. मुदत नसलेलं ‘मंजुरीनंतर’ हे कलम कधीच मान्य करू नका. पेटंट आधी दाखल करा, कारण आधी छापलं तर अनेक देशांत नावीन्य गेलं. तुमची जुनी वाढीची कृती ‘पूर्वीची मालमत्ता’ म्हणून परिशिष्टात नोंदवा. भट्टीचं तापमान, वायूंचं प्रमाण, सगळं तारखेसह.