पावडर कोटिंग केलेल्या शिशाच्या गोळ्या: साइझिंग आधी, नंतर की दोन्ही वेळा?

धागाकर्ता

घरी साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांवर पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर लावून ती भट्टीत भाजून थर बसवणे) करणाऱ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली दिसते: एकदा रंगीत थर चढला की गोळीच्या मापाकडे फारसे पाहायला नको. ही समजूत चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. नळीत शिसे माखते त्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा सैल गोळी हेच असते. गोळीचा व्यास नळीतील चरांच्या व्यासापेक्षा कमी पडला, की तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, जाता जाता शिसे कापतो आणि ते नळीच्या भिंतीवर लिंपत जातो. कोटिंगमुळे हा त्रास कमी होतो, पण सैल गोळी थराने घट्ट होईलच याची खात्री नाही, कारण थराची जाडी प्रत्येक घाण्यात थोडी वेगळी येते.

म्हणून माझा नियम असा आहे. आधी नळीतून मऊ शिशाचा तुकडा हळूहळू ठोकत पार न्यायचा, त्यावर उमटलेले माप मायक्रोमीटरने घ्यायचे आणि त्याहून १ ते २ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जास्त व्यासाची साइझिंग डाय (जिच्या भोकातून गोळी ढकलून नेमक्या मापाला आणतात ते साधन) निवडायची. ९ मिमीच्या नळीसाठी तांब्याचे आवरण असलेली गोळी ०.३५५ इंचांची असते, तर ओतीव गोळी बहुधा ०.३५६ ते ०.३५८ इंचांची लागते. मग कोटिंग करायचे, भट्टीत सुमारे २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटे भाजायचे आणि गार झाल्यावर एकदाच डायमधून काढायचे. आधी साइझिंग करणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. कोणाचे मत वेगळे असल्यास कारणांसह मांडावे. जिथे कायदा आणि परवाना हे काम करू देतो, तिथल्याच लोकांसाठी ही चर्चा आहे, हे गृहीत धरले आहे.

प्रतिसाद १: मेणाचे वंगण वापरणारा

मापाबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे, परंतु त्यामुळे कोटिंगची गरज सिद्ध होते असे वाटत नाही. मधमाश्यांचे मेण आणि अ‍ॅलॉक्स (पेट्रोलियमपासून केलेले चिकट वंगण) सम प्रमाणात मिसळून केलेले वंगण गोळीच्या खाचांत भरले आणि माप योग्य राखले, तर पिस्तुलाच्या नेहमीच्या वेगाला नळी स्वच्छ राहते. मी हे वर्षानुवर्षे करत आलो आहे. कोटिंगवर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की थर ओतकामातील दोष झाकतो. साचा पुरेसा तापलेला नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात आणि तळाची कड गोलसर राहते. गोळीचा तळ नळीच्या तोंडातून सर्वांत शेवटी सुटतो, त्यामुळे त्याची कड एका बाजूला भरली आणि दुसऱ्या बाजूला भरली नाही तर नेम बिघडतो. अशी गोळी उघडी असताना हातात घेताच ओळखू येते आणि पुन्हा भांड्यात जाते. तिच्यावर चकचकीत निळा थर चढल्यावर ती कोण बाजूला काढणार?

दुसरा आक्षेप कठिणपणाचा आहे. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठिणपणा (धातूवर कठीण गोळा दाबून मोजायचे माप) ५ च्या आसपास असतो, तर ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी या मिश्रधातूचा १५ च्या आसपास. अँटिमनी असलेली गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकून काही जण तिला आणखी कठीण करतात. तीच गोळी तुम्ही २०० अंशांवर २० मिनिटे ठेवली की मिळवलेला कठिणपणा बराचसा निघून जातो. मग भट्टीतून काढून पुन्हा पाण्यात टाका, आणि हे सगळे कशासाठी, तर मेण नको म्हणून?

प्रतिसाद २: शिशाच्या विषबाधेविषयी

मेण की पावडर हा वाद चालू द्यावा, पण एक गोष्ट नजरेआड होते आहे असे वाटते म्हणून लिहितो. कोटिंगचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा हा की गोळ्या हाताळताना बोटांना उघडे शिसे लागत नाही आणि बार उडाल्यावर मेणाचा धूर होत नाही. मात्र यामुळे कोणी निर्धास्त होऊ नये. अनेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते, त्यामुळे गोळीवर कितीही चांगला थर असला तरी शिसे हवेत येतेच.

घरात खरा धोका वितळलेल्या शिशाच्या वाफेपेक्षा वरून काढलेल्या मळीच्या भुकटीचा असतो. ती जमिनीवर सांडते, बुटांना लागते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून त्याच्या तोंडात जाते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी प्रति डेसिलिटर ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, यावरून किती अल्प प्रमाण चिंतेचे मानले जाते ते कळावे. म्हणून ज्या भट्टीत गोळ्या भाजल्या, तिच्यात पुन्हा कधीही अन्न शिजवू नये. कोटिंग केलेल्या जुन्या गोळ्या वितळवताना थर जळून दाट धूर होतो, तेव्हा ते काम उघड्यावरच करावे.

प्रतिसाद ३: दोनदा साइझिंग करणारा

मूळ प्रश्नाकडे परत येतो. "आधी साइझिंग म्हणजे वेळेचा अपव्यय" हे वाक्य साचा नेमक्या मापाचा असेल तरच खरे ठरते. माझा साचा ०.३५८ इंचांची गोळी टाकतो. थरामुळे व्यास १ ते ३ थाऊने वाढतो, म्हणजे भट्टीतून निघालेली गोळी ०.३६१ पर्यंत जाते. तिला एका दमात ०.३५६ च्या डायमधून ढकलायचे म्हणजे ५ थाऊ दाबायचे. हातातली दांडी जड जाते, गोळीच्या अंगावरच्या खाचा चपट्या होतात, आणि तळाशी शिशाची पातळ झालर मागे ओढली गेलेली मी स्वतः भिंगाखाली पाहिली आहे. वर ज्या तळाच्या कडेविषयी लिहिले आहे, तीच कड अशाने खराब होते. म्हणून मी उघडी गोळी आधी ०.३५६ ला आणतो, मग कोटिंग करतो आणि पुन्हा त्याच डायमधून काढतो. दुसऱ्या वेळी दांडी अलगद खाली जाते.

धागाकर्ता

आपला ५ थाऊंचा हिशेब मला पटतो, तेव्हा "वेळेचा अपव्यय" हे शब्द मागे घेतो. परंतु उघडे शिसे डायमधून काढताना वंगण लागते आणि त्याचा ओशटपणा राहिला तर पावडर नीट बसत नाही. डब्यात प्लॅस्टिकच्या बारीक गोट्यांसह हलवून कोटिंग करणाऱ्यांची सगळी भिस्त घर्षणातून येणाऱ्या स्थिर विद्युतभारावर असते. तेलाचा एक ठसा राहिला, की तिथे भाजल्यानंतर राखाडी डाग दिसतो. आपण मधल्या टप्प्यात गोळ्या अल्कोहोलने धुता का? धूत असल्यास मेहनत दुप्पट झाली. त्यापेक्षा साचाच बदलावा असे मी म्हणेन.

कठिणपणाच्या आक्षेपावर एवढेच सांगतो की माझ्या वेगाला मला पाण्यात टाकलेली गोळी लागतच नाही. भट्टीबाबत मात्र एक सावधगिरी सांगायला हवी. शिसे ३२७ अंशांना वितळते म्हणून २०० अंशांवर पूर्ण निर्धास्त राहू नये. कथील आणि अँटिमनी असलेल्या मिश्रधातूत २४० अंशांच्या आसपासच वितळण्याची सुरुवात होऊ शकते आणि लहान भट्टीत तारेजवळचा कोपरा तेवढा सहज तापतो. माझ्या एका घाण्यातील कडेच्या सहा गोळ्या मेणबत्तीसारख्या वाकल्या होत्या.

प्रतिसाद ४

होय, अल्कोहोलने धुतो, आणि मेहनत वाढते हेही खरे आहे. (दोनदा साइझिंग करणारा तो मीच.) पण आपण सगळेच ज्या मापावर वाद घालतो आहोत, ते काडतुसात गेल्यावर टिकते का, हे किती जणांनी तपासले आहे?

माझ्या नळीत एकदा कोटिंग असूनही चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढच्या दोन बोटांत राखाडी पट्टे येऊ लागले. थर हातोड्याखाली ठेवून पाहिला. गोळी पार चपटी झाली तरी पापुद्रा सुटला नाही, म्हणजे भाजणे व्यवस्थित होते. मोजले तर ०.३५६ बरोबर. शेवटी तयार काडतुसातून एक गोळी खेचून काढली आणि मायक्रोमीटरमध्ये धरली, तर ०.३५४ निघाली. तोंड आवळणाऱ्या डायमधील कार्बाइडच्या कड्याने पितळी कवचासकट आतली गोळीही दाबली होती. तिच्या एका बाजूला थर खरवडून शिशाची चमकती रेघ दिसत होती, ती कवचाच्या तोंडाची होती, कारण गोळी बसवण्यापूर्वी मी ते तोंड पुरेसे फाकवले नव्हते. तोंड थोडे अधिक फाकवले, कड्याची ती डाय काढून साधी टेपर क्रिंप डाय (कवचाचे फक्त तोंड हलकेच आवळणारी) लावली, आणि पट्टे येणे थांबले.

मेणाचे वंगण वापरणारा

हा मुद्दा मेणाच्या गोळीलाही तितकाच लागू आहे, आणि मी ते मोजमाप आजवर केलेले नाही. आज पाच काडतुसे खोलून पाहतो. आकडे प्रतिकूल आले तरी इथे लिहीन. सुरकुतलेल्या गोळीवरचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. कोटिंग करणाऱ्यांनी ओतल्याबरोबर, पावडरचा डबा उघडण्यापूर्वी, प्रत्येक गोळीचा तळ उजेडात धरून पाहावा.