अमेरिकन 120/240 ब्रेकर आपल्या 230 व्होल्टवर ठेवावा का?

भट्टीवाली: अमेरिकेतून आणलेली मातीकामाची विजेची भट्टी आहे, 240 व्होल्ट, 24 अँपिअर. सोबतच्या छोट्या डीबीत (ब्रेकरच्या पेटीत) 30 अँपिअरचा दोन पोलचा, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा, ब्रेकर आहे, त्यावर 120/240 छापलंय. पुण्यात सिंगल फेजवर जोडायची आहे. तोच ठेवू का?

तारतंत्री: खुशाल ठेवा. ब्रेकर पडतो करंटवर, व्होल्टेजवर नाही. बायमेटलची पट्टी करंटनेच तापते, कॉइलही करंटनेच ओढते. भट्टी म्हणजे निव्वळ हीटर, 230 वर 23 अँपिअर घेईल. 60 ऐवजी 50 हर्ट्झनेही फरक पडत नाही. चांगला ब्रेकर भंगारात कशाला?

मेगर: पडणं वेगळं, करंट तोडणं वेगळं. कॉन्टॅक्ट उघडले की मध्ये आर्क पेटतो. तो किती व्होल्टपर्यंत विझेल, हे रेटिंग सांगतं. ती तिरकी रेघ नीट वाचा: दोन तारांमध्ये 240 चालतील, पण तार ते अर्थ 120 च. अमेरिकेत घरात दोन जिवंत तारा येतात, अर्थपर्यंत प्रत्येकी 120. आपल्याकडे एकच फेज, अर्थपर्यंत अख्खे 230. एलिमेंट तुटून पत्र्याला टेकलं की करंट फेजमधून थेट अर्थमध्ये जातो, न्यूट्रलच्या पोलमधून जातच नाही. मग एकट्या पोलला 230 तोडावे लागतात. तेवढ्यासाठी तो बनलेला नाही.

तारतंत्री: पण घरात फॉल्ट करंट असतो किती? डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल तर हजार अँपिअरच्या आसपास, आणि ब्रेकर 10 हजार तोडणारा. फेज-न्यूट्रल शॉर्टला दोन्ही पोल भार वाटून घेतात. अर्थ फॉल्टसाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पडणारा स्विच) लावा, विषय संपला.

मेगर: ते 10 हजार त्याच 120/240 च्या अटीवर. डीपी सोसायटीच्या आवारातच असेल तर फॉल्ट करंट काही हजारांवर जातो. आरसीसीबी हवीच, पण ती गळतीसाठी. मोठा शॉर्ट तोडायची तिची कुवत बेताची, मागे योग्य एमसीबी (आपल्याकडचा छोटा ब्रेकर) लागतोच.

तारतंत्री: आणि नुसतं 240 छापलेला दोन पोलचा असता तर?

मेगर: तर माझी हरकत नव्हती. इथे मात्र डीबीच बदला, एमसीबी असा घ्या: 32 अँपिअर, सी कर्व्ह (किती जास्त करंटला झटक्यात पडायचं त्याचा प्रकार), डबल पोल, 240/415 व्होल्ट, 10 केए (10 हजार अँपिअर), आयएसआय मार्क. पुढे 40 अँपिअरची आरसीसीबी, 6 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर. डीबी भट्टीपासून लांब बसवा, उष्णतेने एमसीबी लवकर पडतो. जोडताना काळ्या तारेकडे लक्ष ठेवा: आपल्याकडे काळी न्यूट्रल, तिकडे काळी जिवंत. पावसाळ्यात विटा ओल धरतात आणि आरसीसीबी पडत राहते. तेव्हा आरसीसीबी काढू नका. भट्टी आधी उन्हात किंवा उबदार खोलीत सुकवा, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन बघा, मगच मंद आचेवर चालू करा.