चिचुंद्रीला उंदीर म्हणावे का?

प्रश्न (मुरूड):
फणसाड अभयारण्यातील छोट्या सस्तन प्राण्यांविषयी शाळकरी मुलांसाठी एक मराठी पुस्तिका लिहीत आहे. हाती आलेल्या मसुद्यात उंदीर, घूस आणि चिचुंद्री या तिघांनाही ‘उंदीरवर्गीय प्राणी’ या एकाच शब्दात बसवले आहे. घरोघरी आपण असेच बोलतो, हे मान्य. परंतु जंगलाची ओळख करून देताना हा शब्द चालेल का? पर्यायी शब्द सुचवावा.

प्रतिसाद (गुहागर):
माझ्या मते चालणार नाही. उंदीर, घूस, खार, शेकरू आणि साळिंदर हे सारे कृंतक आहेत. ‘कृंत्’ म्हणजे कापणे, आणि वरच्या व खालच्या जबड्यातील जन्मभर वाढत राहणारी पटाशीच्या दातांची एकेक जोडी ही या गणाची खूण. चिचुंद्रीचे दात बारीक, टोकदार असतात व ती मुख्यतः किडे खाते, त्यामुळे तिला कीटकभक्षी म्हणणेच योग्य. फसवणूक दिसण्याने होते, आणि त्यात शास्त्रज्ञही मागे नाहीत: लिनियसने 1766 मध्ये तिच्या जातीला दिलेल्या ‘म्युरिनस’ या नावाचा अर्थ ‘उंदरासारखी’ असाच आहे.

मुलांना हे पटवायचे असेल, तर मागील दारी रात्री चुलीची राख पातळ पसरून ठेवावी. उंदराच्या पुढच्या पावलाची चार बोटे उमटतात, चिचुंद्रीची पाच. आमच्या पडवीत एकदा आईच्या शेपटीच्या बुडाला एक पिल्लू, त्याला दुसरे, दुसऱ्याला तिसरे असे दातांनी धरून भिंतीच्या कडेने चाललेले लटांबर मी पाहिले आहे. उंदरांची अशी वरात निघत नाही.

संस्कृतात तिला ‘छुच्छुन्दरी’ म्हणतात, आणि त्या उच्चारातच तिची चुकचुक ऐकू येते. मनुस्मृतीच्या 12व्या अध्यायात सुगंधी द्रव्य चोरणाऱ्याला पुढचा जन्म हिचाच सांगितला आहे. तिच्या कुशीतल्या ग्रंथींचा उग्र दर्प ज्याच्या नाकात गेला आहे, त्याला त्या शिक्षेतला खवचटपणा वेगळा समजवावा लागत नाही.

प्रतिसाद (देवगड):
वरील मताशी सहमत आहे, मात्र ‘कृंतक’ हा शब्द पाचवीच्या मुलासाठी जड आहे; ‘कुरतडणारे प्राणी’ म्हटले तर काय बिघडेल? खारीपुढे ‘चानी’ हा आमच्याकडचा शब्दही अवश्य द्यावा, कारण येथील कित्येक मुलांना तोच आधी कळतो. घुशीबद्दल एक पुरवणी: इंग्रजीत तिला ‘बँडिकूट’ म्हणतात, हा शब्द तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, यावरून गेलेला आहे. नारळाच्या आळ्यात तिने उकरलेला मातीचा ढीग पाहिला की ते डुक्कर मनोमन पटते.

प्रतिसाद (गुहागर):
‘कुरतडणारे प्राणी’ उत्तम. फक्त शेकरू त्यात घालताना ‘छोटे’ या विशेषणाकडे लक्ष असू द्यावे: दीड-दोन किलोंचा हा आपला राज्यप्राणी कृंतक असला, तरी उंदरांच्या पंगतीत मावणारा नाही.

प्रश्नकर्ता (मुरूड):
आभारी आहे. आता ‘कुरतडणारे’ आणि ‘किडे खाणारे’ अशी दोन प्रकरणे करतो. शेकरूला पहिल्यात स्वतंत्र पान देतो, आणि चिचुंद्रीच्या पानावर पाच बोटांचे पाऊल छापतो.