आर्च लिनक्सची स्थापना सोपी झाली, हे बरे झाले का?

कातरवेळ:
आर्च लिनक्स ही संगणकाची एक मोफत कार्यप्रणाली. एप्रिल २०२१ मध्ये तिच्या अधिकृत आयएसओमध्ये, म्हणजे स्थापनेसाठी उतरवून घ्यायच्या फाइलमध्ये, ‘आर्चइन्स्टॉल’ ही आज्ञावली आली आणि तेव्हापासून मोजक्या प्रश्नांची उत्तरे देऊन ही प्रणाली बसवता येते. माझ्या मते यात मिळाले कमी आणि गेले जास्त. त्याआधी पार्टिशन पाडणे (डिस्कचे भाग करणे), ते माउंट करणे (वापरासाठी जोडणे), ‘पॅकस्ट्रॅप’ या आज्ञेने मूळ पॅकेजेस उतरवणे, ‘एफएसटॅब’ ही कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याची यादी तयार करणे आणि शेवटी संगणक सुरू होताना प्रणाली चालू करणारा बूटलोडर बसवणे हे सगळे हाताने करावे लागे. पहिल्या खेपेला मी बूटलोडरच विसरलो आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. मग पेनड्राइव्हवरून पुन्हा शिरून, पार्टिशन माउंट करून, ‘आर्च-क्रूट’ या आज्ञेने बसवलेल्या प्रणालीच्या आत जाऊन चूक दुरुस्त केली. दोन वर्षांनी एका अपडेटनंतर संगणक सुरू होईना, तेव्हा हीच वाट पायाखालची होती. नुसते ‘पुढे, पुढे’ करत आलेल्याला ती कोण दाखवणार?

उंबरठा:
आपला अनुभव खरा, पण तो परंपरेच्या खात्यात जमा करू नये. आर्च २००२ साली निघाले आणि २०१२ पर्यंत त्याला मेन्यूवर चालणारी स्थापनेची सोय होतीच. ती काढली गेली ती कोणाला शिकवण्यासाठी नव्हे, तर तिची देखभाल करायला पुरेशी माणसे नव्हती म्हणून. टंचाईला शिस्तीचे नाव आपण मागाहून दिले.

डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचेही पाहा. बाराव्या आवृत्तीपूर्वी अधिकृत स्थापना-माध्यमात मुक्त नसलेले, म्हणजे ज्याचा स्रोत खुला नाही असे, फर्मवेअर (वायफायसारखे यंत्रभाग चालवणारी आज्ञावली) नसे, त्यामुळे कित्येक लॅपटॉपचे वायफाय स्थापनेच्या वेळी चालत नसे. अमुक फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवरून द्या, असे पडद्यावर येई. म्हणजे फाइल आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ती फाइल हवी. माझा एक सहकारी या फेऱ्यात सापडला, त्यातून तो शेजाऱ्याचा लॅपटॉप मागायला तेवढा शिकला. डेबियनच्या विकासकांच्या २०२२ च्या मतदानानंतर हे धोरण बदलले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबतच येऊ लागले.

कातरवेळ:
फर्मवेअरची अडचण कोणाला काही शिकवत नव्हती, हे मान्य. मात्र ज्याचा स्रोत आपल्याला पाहता येत नाही असे काही सोयीसाठी आत घेतले, ही किंमत हिशेबात धरायला हवी.

जुनाखोड:
आपण दोघेही सोय आणि समज एकमेकींच्या विरोधात उभ्या करता, ते मला पटत नाही. ओपनबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या मुक्त प्रणालीची स्थापना पूर्णपणे अक्षरांची आहे, ना चित्र ना माउस. तरीही प्रत्येक प्रश्नापुढे चौकटी कंसात सुचवलेले उत्तर असते आणि बहुतेक ठिकाणी एंटर दाबले की काम होते. दिसायला अवघड, करायला सोपी. अडचण वेगळीच आहे: डिस्कच्या प्रश्नाला सुचवलेले उत्तर ‘संपूर्ण डिस्क’ असे असते, आणि एंटरची लय लागलेला माणूस तिथेही थांबत नाही. मी थांबलो नाही. शेजारच्या पार्टिशनवर विंडोज आणि घरचे फोटो होते.

उंबरठा:
बॅकअप होता ना?

जुनाखोड:
होता, पण फेब्रुवारीपर्यंतचा. हे घडले जुलैमध्ये.