मदत हवी आहे: जुनी फुल सस्पेन्शन एमटीबी घेऊ का? रविवारच्या आत सांगा

गिरणाथडी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका माणसाकडे जुनी फुल सस्पेन्शन एमटीबी, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली डोंगरवाटांची सायकल, विकायला आहे. ४५ हजार सांगतोय. कंडिशन चांगली वाटते, फोटोत एकही ओरखडा नाही. रविवारपर्यंत थांबतो म्हणाला, नंतर पुण्याचं गिऱ्हाईक तयार आहे. घेऊ की नको, एवढंच सांगा. चाळीसगावात याबद्दल विचारावं असं कोणी नाही. दुकानात गेलो तर तो मला नवीन गिअरच्या सायकली दाखवायला लागला. कृपया लवकर उत्तर द्या.

मेहरुणकर
कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, साल कोणतं, चाकं २६ इंची की २७.५ ची, फ्रेमचा साइज काय, तुमची उंची किती, चालवणार कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही. "घेऊ की नको"चं उत्तर यावरच ठरतं.

केळीबाग
आम्ही मुलाला दिवाळीत भुसावळहून डबल शॉकअपची सायकल घेतली, नऊ हजारात. तुम्ही ४५ कशाला देता? शिवाय अनुभव चांगला नाही. मागचा शॉकअप थोड्याच दिवसांत खिळखिळा झाला. चढावर पायडल मारलं की सायकल नुसती वरखाली होते, पुढे जातच नाही. मुलगा आता परत जुनी साधी सायकल नेतो शाळेत.

सातपुड्याची_वाट
केळीबाग काका, ती वस्तू वेगळी. तिची फ्रेम लोखंडी, वजन १८-२० किलोपर्यंत, आणि मागे नुसती स्प्रिंग. स्प्रिंग दाबली की तेवढ्याच जोराने परत उसळते, तिला आवरणारं आत काही नसतं. धागाकर्ते म्हणताहेत त्या सायकलीला मागे हवेचा शॉक असतो, आणि आत दट्ट्या तेलातून सरकतो म्हणून उसळी मरते. शिवाय चार सांध्यांची रचना अशी बसवलेली असते की पायडलच्या जोराने मागचा भाग फारसा दबत नाही. किंमत त्यासाठी असते.

खान्देशी_गडी
भाऊ, ४५ हजारमा तर जुनी फटफटी ई जाई. सायकलले इतला पैसा कसाले देस?

गिरणाथडी
फटफटी आहे घरी. मेहरुणकर, घ्या माहिती: ट्रेक फ्युएल ईएक्स, २०११ चं मॉडेल, चाकं २६ ची. माझी उंची ५ फूट ९ इंच. फ्रेमचा साइज विचारून सांगतो. चालवणार पाटणादेवीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याने ज्या बैलगाडीच्या वाटा जातात त्यांवर, आणि कधी कधी कन्नड घाट. आता सांगा, घेऊ का?

मेहरुणकर
आता मागच्या शॉकचा जवळून फोटो टाका. सायकलचा पूर्ण फोटो नको, फक्त शॉकचा. त्या काळात ट्रेकने काही फ्युएल ईएक्सवर फॉक्स या शॉक बनवणाऱ्या कंपनीकडून खास बनवून घेतलेला डीआरसीव्ही नावाचा शॉक लावला होता. त्यात हवेच्या दोन खोल्या असतात. शॉक ठरावीक हद्दीपुढे दाबला गेला की मधली झडप उघडते आणि दुसरी खोलीही कामाला लागते. चालवायला फार छान. पण तो ट्रेकपुरताच होता. आज त्याचे सुटे भाग मिळवणं अवघड, आणि बाजारातला साधा शॉक त्या जागी सरळ बसत नाही. शॉकचा एक भाग नेहमीपेक्षा जाड, डब्यासारखा दिसत असेल तर तोच.

धुळेकर_लळिंग
मी स्पष्ट लिहितो. ४५ हजारात हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची नवी हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकल, येते, बिल आणि वॉरंटीसकट. लळिंगच्या डोंगराखाली आम्ही हार्डटेलच चालवतो, काही अडत नाही. मागचं सस्पेन्शन म्हणजे शॉक, बुश, आठ-दहा बेअरिंग, त्यांचे बोल्ट. एवढं सगळं जुनं झालेलं, आणि दुरुस्तीला धुळ्यात कोणी नाही, चाळीसगावात तर नाहीच. २६ चं चाकही आता संपलं. चांगल्या सायकली आल्या २९ वर.

तापीकाठची
धुळेकर दादा, २६ संपलं ते तिकडे. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानातल्या गिअरच्या सायकली आजही २६ च्याच जास्त आहेत. टायरवर ५५९ लिहिलेलं बघायचं, ते या रिमवर बसतं. एवढं मात्र लक्षात ठेवा की २६ लिहिलेलं प्रत्येक टायर चालत नाही. २६ गुणिले १ ३/८ चं टायर ५९० चं असतं, ते बसणार नाही. अडचण टायरची नाही, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची आहे. २६ चा चांगला हवेचा फोर्क आता नवा मिळणं कठीण झालंय.

आणि हार्डटेल पुरते, हे लळिंगच्या मुरमाबद्दल खरं असेल. काळ्या मातीत पावसाळ्यात गाड्या जाऊन ज्या चाकोऱ्या पडतात, त्या एप्रिलमध्ये वाळून दगड झालेल्या असतात. कडा हाताने फुटत नाहीत. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर ढेकळं, मध्येच गुराच्या खुरांचे खोल ठसे. त्या वाटेवर हार्डटेलवरून घरी आलं की कंबर धरून बसावं लागतं. मी दोन्ही चालवल्या आहेत. तिथे मागचा शॉक ही चैन नव्हे.

धुळेकर_लळिंग
मोठं टायर घाला आणि हवा कमी ठेवा. निम्मं काम तिथेच होतं. आणि पावसाळ्यात त्याच काळ्या मातीत फुल सस्पेन्शन घालून बघा. मागच्या टायर आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या भागाच्या) मधल्या फटीत चिखल बसतो, चाक जागेवर थांबतं. काडीने उकरत बसावं लागतं.

तापीकाठची
काळ्या मातीत पावसाळ्यात कोणतीच सायकल घालू नये. त्यात हार्डटेलचंही चाक थांबतं.

अजिंठाघाट
पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. मंदिरापर्यंतच्या रस्त्याने जायला हरकत नाही, पण आत आडवाटेने सायकल घालायची तर आधी वनखात्याकडे विचारा. बिबट्याही आहे तिथे. आणि गेलातच तर केदारकुंड बघा. पाटण्याच्या शिलालेखाचीही माहिती वाचून जा. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता, त्याचा तो लेख आहे. आपल्या भागातल्या किती मुलांना हे माहीत असतं?

गिरणाथडी
अभयारण्याच्या आत जाणार नाही, बाहेरच्या शेतवाटांनीच चालवणार. कृपया सायकलबद्दल बोला. फोटो टाकला आहे. फ्रेम १७.५ इंची आहे म्हणाला. शॉकची सर्व्हिस कधी केली विचारलं तर म्हणतो कधी गरजच पडली नाही. हवा कमी वाटते, पण ती मी इथे पेट्रोल पंपावर भरून घेईन. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखाच आहे.

सातपुड्याची_वाट
पेट्रोल पंपावर अजिबात नेऊ नका! व्हॉल्व्ह सारखा आहे म्हणून फसायला होतं. शॉकला लागणारा दाब साधारण तुमच्या वजनाच्या पौंडांइतका पीएसआय असतो, म्हणजे दीडशे-दोनशेच्या घरात. पंक्चरवाल्याच्या किंवा पंपावरच्या मशीनने तो येत नाही. शिवाय आतली जागा इतकी लहान की नळी काढतानाच निम्मी हवा जाते. त्यासाठी शॉक पंप वेगळा मिळतो, घड्याळ लावलेला, हातभर नळीचा. तो सायकलच्या किमतीत मागून घ्या. तुमचं वजन किती?

गिरणाथडी
९६ किलो.

सातपुड्याची_वाट
हे आधी सांगायला हवं होतं. ९६ किलो म्हणजे साधारण २१० पौंड. जुन्या सीलवर २०० च्या वर दाब कायम राहणार. शॉकवर कमाल दाब छापलेला असतो, बहुतेक फॉक्सवर ३०० पीएसआय, त्यामुळे शॉक तेवढा दाब झेलेल. पण पंधरा वर्षांची, एकदाही न बदललेली सील झेलेल याची खात्री देता येत नाही.

मेहरुणकर
फोटो पाहिला. डीआरसीव्हीच आहे. आणि "सर्व्हिसची गरज पडली नाही" हे वाक्य या शॉकबद्दल कोणी म्हटलं की सरळ समजायचं, आतलं तेल आणि सील दोन्ही मूळचीच आहेत. हवेच्या भागाची सर्व्हिस दर ठरावीक तास चालवल्यावर करायची असते. कंपन्या तसं लिहून देतात.

तुम्ही नाशिकला जाऊन बघणार असाल तर काय बघायचं ते सांगतो, कोणत्याही जुन्या फुल सस्पेन्शनला चालेल. आधी सायकल धुतलेली आहे का बघा. नसेल तर ओलं फडकं मागून सांधे पुसा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून प्रत्येक वेल्डवर फिरवा: हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खाली, सीट ट्यूबवर जिथे सांधा आहे तिथे, चेनस्टेच्या (चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) मागच्या टोकाला. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडलं तर तिथूनच परत या, किंमत कितीही उतरली तरी.

मग मागे उभं राहा, एका हाताने सीट धरून सायकल हलकेच उचला आणि सोडा, चाक जमिनीवरून सुटायच्या आत. टक टक असं हाताला लागलं तर कुठेतरी ढिलाई आहे. दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत जा, ढिला सांधा बोटाला कळतो. शॉकच्या डोळ्यातली, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या भोकातली, बुश गेली असेल तर घाबरू नका, लेथवाला पितळेची करून देतो, जळगाव एमआयडीसीत माझी करून दिली आहे. सांध्यातली बेअरिंगही बहुतेक ठरलेल्या मापाचीच असतात. कडेवर नंबर कोरलेला असतो, ६९०२ वगैरे. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं.

शॉकचा दांडा पुसून त्यावर नख फिरवा, ओरखडा लागता कामा नये. मग सायकलवर बसा. शॉक स्वतःच्या प्रवासाच्या पाव ते जास्तीत जास्त तीस टक्के दबला पाहिजे, दांड्यावरची रबरी रिंग ते दाखवते. उतरल्यावर पूर्ण वर आला पाहिजे. उतरल्यावरही अर्धा दबलेलाच राहिला तर आतून हवा चुकीच्या खोलीत गेली आहे. तसा शॉक कोणीही घरी उघडायचा नाही. आत दाब अडकलेला असतो, झाकण अंगावर उडतं.

रेल्वेवाला_भुसावळ
नाशिकरोड ते चाळीसगाव सरळ गाडी आहे, जाऊनच बघा. सायकल आणायची तर पार्सल ऑफिसला बुक करा. पायडल काढून, हँडल आडवं करून, गोणपाट गुंडाळून द्यायची. पार्सल गाडीत चढेल त्या दिवशी चढेल, घाई करून चालत नाही. आणि पावती जपून ठेवा.

तापीकाठची
मूळ बिल मागा. खाली पायडलच्या मधल्या नळीवर फ्रेम नंबर असतो, तो बिलाशी जुळवा. चोरीची सायकल गळ्यात पडली तर शॉक चांगला असून उपयोग नाही. आणि ब्रेक कोणते आहेत तेही बघा. काही जुन्या हायड्रॉलिक ब्रेकचे लिव्हर उन्हात चिकटतात, आतला दट्ट्या फुगतो आणि लिव्हर परत येत नाही. नाशिकच्या हवेत कळणार नाही, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशाला कळेल. दुपारी अर्धा तास सायकल उन्हात उभी करून मग लिव्हर दाबा.

गिरणाथडी
म्हणजे नको का? किती कमी केले तर घेऊ? तो ४० ला तयार आहे. त्याच्याकडे अजून एक आहे, जायंट ट्रान्स, तीही २६ चीच, २०१० ची, ३२ हजार म्हणतो. रंग मला आवडला नाही आणि फोटोत मळकी दिसते म्हणून तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं.

मेहरुणकर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! माझ्या मते तीच बघायला जा. ट्रेक ४० लाही नको. शॉक गेला त्या दिवशी ती सायकल भिंतीला टेकून उभी राहील, कारण दुसरा शॉक शोधण्यातच महिने जातील.

सातपुड्याची_वाट
इथे मी असहमत. मुंबई-पुण्यात जुने शॉक उघडून सील बदलणारे लोक आहेत, कुरियरने पाठवता येतो. २५ ला मिळाली तर ट्रेक घ्यावी, चालवायला ती जास्त चांगली.

मेहरुणकर
९६ किलोच्या माणसाने, चाळीसगावात राहून, कुरियरवर विसंबून? आपण जळगावात असूनही तुमचा शॉक किती दिवस बाहेर होता ते आठवा.

सातपुड्याची_वाट
ते खरं आहे. पूर्ण सीझन गेला होता. पण परत आल्यापासून एकदाही हवा सोडलेली नाही त्याने.

धुळेकर_लळिंग
माझं मत तेच, नवी हार्डटेल. तरी ट्रान्स घेणारच असाल तर एक गोष्ट. जायंटने २०१२ च्या सुमारास काही सायकलींवर ओव्हरड्राइव्ह २ नावाचा फोर्क ट्यूबचा आकार आणला होता. वरचा भाग सव्वा इंची, नेहमीच्या १ १/८ इंचापेक्षा जाड. त्याला हँडल धरणारा साधा स्टेम बसत नाही. तुमची २०१० ची असेल तर ही भानगड नसावी, पण साल विकणाऱ्याच्या तोंडचं धरू नका, स्टेमवरचं माप बघा.

गिरणाथडी
रविवारी सकाळच्या गाडीने जातो. ट्रान्सच्या शॉकचं काय विचारू? आत्ता त्याला फोन करतोय.

मेहरुणकर
त्याला टेप घ्यायला सांगा. शॉकच्या दोन्ही टोकांना जे बोल्ट आहेत, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये, सायकलवर कोणी बसलेलं नसताना आणि शॉकमध्ये हवा असताना. हवा नसेल तर माप कमी भरेल. दुसरं माप दांडा किती सरकतो त्याचं, ते बहुतेक शॉकच्या अंगावरच छापलेलं असतं. २०१६ च्या सुमारास नवी मेट्रिक मापं आली, पण १६५, १९०, २००, २१६ मिलिमीटर ही जुनी, मूळची इंचातली मापं आजही जुन्या बाजारात सापडतात. त्यातलं एक निघालं तर हा शॉक गेला तरी दुसरा लावता येईल. दोन्ही आकडे इथे टाका. आणि ट्रान्सची फ्रेम कोणत्या साइजची आहे तेही विचारा, ५ फूट ९ ला साधारण मीडियम लागेल.